साबण सात रुपयांचा, ऊन दोन दिवसांचं

फायबरच्या दोन उशा घरच्या मशीनमध्ये धुवायला पंचवीस-तीस रुपयांपेक्षा जास्त खर्च येत नाही. लिक्विड डिटर्जंट लिटरला २२५ रुपये धरा. ३० मिलीचे झाले सात रुपये. ४० अंशांचं कोमट धुणं लावलं तरी फ्रंट लोड मशीन एका युनिटच्या आत आवरतं. सगळे आकार मिळून युनिटला १० रुपये धरा. साबण नीट निघावा म्हणून एकदा जादा पाणी घेतलं, तर सगळं मिळून ८० लिटरच्या आसपास पाणी जाईल. नळाचं असेल तर त्याचे पैसे जाणवतही नाहीत. पण सोसायटीत टँकर येत असेल आणि १०,००० लिटरला १,५०० रुपये मोजत असाल, तर तेही १२ रुपये. एकूण २९. टॉप लोड मशीन पाणी बरंच जास्त पितं, तेवढे वरचे धरा.

एवढं स्वस्त काम असूनही धुतलेल्या कितीतरी उशा गोळे होऊन महिन्याभरात कचऱ्यात जातात. कारण उशी धुताना बिघडत नाही, वाळताना बिघडते. मशीनमधून काढून दिवसभर दोरीवर टाकलेली उशी संध्याकाळी वरून खडखडीत लागते आणि आत, मधोमध, ओल धरून बसते. तिला अभ्रा घातला, डोकं टेकलं, की चार दिवसांत कोंदट वास सुरू होतो. मग पुन्हा धुणं, पुन्हा अर्धवट वाळवणं, आणि शेवटी बुरशी. तेव्हा पहिला नियम साबणाचा नाही, हवामानाचा आहे: पुढचे दोन दिवस कडक ऊन मिळणार नसेल तर उशी भिजवू नका. कोकण, मुंबई, गोवा इथे जून ते सप्टेंबर हा विषयच काढायचा नाही. फेब्रुवारी ते मे आणि दिवाळीआधीचं ऑक्टोबरचं ऊन हे उशांचे हंगाम. विदर्भात एप्रिल-मेमध्ये उशी एका दिवसात वाळेल. रत्नागिरीला त्याच मे महिन्यात दमट हवेमुळे दोन दिवसही कमी पडतील.

आत काय भरलंय ते आधी बघा

ब्रँडेड उशीला शिवणीत लेबल असतं. पाण्याच्या टबाचं चित्र आणि त्यात ४० असा आकडा असेल, तर पाणी जास्तीत जास्त तेवढं गरम चालेल. टबात हात दाखवला असेल तर हातानेच धुवायची. टबावर फुली म्हणजे पाणी नको. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको. चौकोनात गोल म्हणजे गरम हवेचा ड्रायर चालेल.

गादीवाल्याकडून भरून घेतलेल्या किंवा आजीच्या काळापासून चालत आलेल्या उशीला लेबल कुठलं? तिथे कोपऱ्याची शिवण दोन बोटं उसवा आणि चिमूटभर भरण बाहेर काढा. देवापुढच्या वातीसारखी तळहातावर वळून बघा. वात सहज वळली तर साधा कापूस. हातातून निसटत राहिली, रेशमासारखी चमकली आणि फुंकरीने उडाली, तर सावरीचा कापूस. वळून सोडल्यावर कुरळ्या केसासारखी उलगडली, तर फायबर, ज्याला बरेच दुकानदार सरसकट ‘रिक्रॉन’ म्हणतात. तरी शंका उरली तर दोन-चार तंतू चिमट्यात धरून बेसिनवर पेटवा. कापूस कागदासारखा वास सोडून राख होतो. फायबर वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो.

ही उसवाउसव एरवीही उपयोगी आहे. सावरीची म्हणून पैसे घेतलेल्या उशीत कधी कधी कापडगिरणीचा रंगीबेरंगी टाकाऊ कापूस निघतो. विकत घेतानाच एक कोपरा उघडा ठेवायला सांगा, भरण बघा, वजन करून घ्या आणि बिलावर ‘सावर’ असं लिहून घ्या. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

सावर आणि साधा कापूस: पाणी नकोच

काटेसावर आपल्याकडे माघ-फाल्गुनात फुलते आणि चैत्र-वैशाखात तिची बोंडं फुटून कापूस उडायला लागतो. त्याचे तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट असतात. त्यामुळे उशी हलकी, उन्हाळ्यात गार, आणि पाण्यावर तरंगणारी. या जातीचा कापूस एके काळी जहाजावरच्या जीवरक्षक जाकिटांत भरत, तो याच गुणामुळे. पण तंतू आखूड आणि ठिसूळ. साबणाच्या पाण्यात तो मेणचट थर जातो, तंतू एकमेकांना चिकटतात आणि मऊ उशीची ढेकळं होतात. ती हाताने सुटत नाहीत.

साध्या कापसाचा त्रास वेगळा. तो पाणी भरपूर पितो आणि सोडत नाही. किलो-दीड किलोची कापसाची उशी भिजली की दोन्ही हातांनी उचलावी लागते. मशीनमध्ये टाकली तर पिळताना सगळं वजन एका बाजूला जाऊन मशीन जागचं सरकतं. आतला कापूस वाळायला लागणारे दिवस मोजण्यापेक्षा न भिजवलेलं बरं.

मग या उशा स्वच्छ कशा करायच्या? खोळ काढून धुवायची आणि भरणाला ऊन द्यायचं. शिवण उसवा, कापूस जुन्या सुती साडीवर किंवा चादरीवर पसरा, वर दुसरी साडी टाका, नाहीतर वाऱ्याबरोबर शेजाऱ्यांच्या गच्चीत जाईल. हे काम तोंडाला रुमाल बांधून करा. दम्याचा त्रास असलेल्या माणसाला यापासून लांब ठेवा. दुपारी दोनदा वरखाली करा, गाठी बोटांनी सोडवा. एवढ्यावर भागत नसेल, कापूस दबून पाट झाला असेल, तर पिंजून घेण्याला पर्याय नाही.

पिंजारी आता खांद्यावर पिंजण टाकून गल्लीत फारसे दिसत नाहीत. तात टणत्कारत कापूस उडवणारं ते काम बहुतेक ठिकाणी विजेच्या यंत्रावर गेलं आहे. पण गादी कारखाने गावोगाव आहेत आणि पश्चिम महाराष्ट्रात नदाफ, मन्सुरी घरांतले कारागीर अजून हे काम करतात. मजुरी कुठे किलोवर, कुठे नगावर सांगतात, म्हणून आधीच विचारा: पिंजाई, शिलाई आणि नवी खोळ मिळून किती? जुनी खोळ धड असेल तर ती धुऊन बरोबर न्या. तेवढे पैसे वाचतात. कापूस तुमच्यासमोर तोलायला लावा आणि पिंजल्यावर पुन्हा तोलायला लावा. धूळ, चुरा आणि सरकी निघून वजन थोडं घटणारच, पण निम्मं होत नाही. शक्य असेल तर तिथेच बसून राहा. चार उशांचा कापूस एकत्र टाकून नंतर वाटून देण्याची पद्धत आहे. आपली सावर शेजाऱ्याच्या टाकाऊ कापसात मिसळून परत येऊ नये. सावरीचा किलोचा भाव आज शेकड्यांत आहे, त्यामुळे एवढी राखण पैशात वसूल होते.

फायबरची उशी: ही धुवाच

घरोघरी आता हीच उशी असते. शहरात साधी २०० ते ४०० रुपयांना मिळते, जोड घेतला तर अजून स्वस्त. फायबर पाणी जवळजवळ शोषत नाही. पाणी असतं ते तंतूंच्या मधल्या पोकळीत. म्हणून ती धुता येते आणि वाळते. धुण्याआधी मात्र एक परीक्षा घ्या. उशी मधोमध दुमडा, हवा दाबून काढा आणि सोडा. झटकन उलगडली तर तिच्यात जीव आहे. तशीच दुमडलेली पडून राहिली, तर २९ रुपयेही खर्चू नका, नवी आणा.

पास झाली तर आधी किचनच्या काट्यावर तिचं वजन करून कागदावर लिहून ठेवा. याचं काम नंतर पडणार आहे. मग शिवण चारही बाजूंनी ओढून बघा. कुठे सैल वाटली तर दुहेरी दोऱ्याने टाके घाला. धुताना शिवण उसवली तर भरण ड्रममध्ये पसरतं, फिल्टर आणि पंपात अडकतं, आणि मेकॅनिकची नुसती भेट चारशे-पाचशे रुपयांना पडते. दोन उशांची किंमतच ती.

डागांपैकी घामाचे पिवळे डाग बरेच फिके होतात, पण पूर्ण जात नाहीत. अभ्र्याखाली ते दिसणार नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी उशीशी कुस्ती खेळू नका. क्लोरीनचं ब्लीच तर नकोच: ते आतून पूर्ण निघत नाही आणि रात्रभर नाकाशी राहतं. शिवाय ब्लीच आणि व्हिनेगर हे एकाच बादलीत कधीही टाकू नका. विषारी वायू तयार होतो. आपल्याकडचा हट्टी डाग तेलाचा. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, आणि डिसेंबर-जानेवारीत नाशिक-पुण्याच्या नळाचं पाणी त्याहून गार असतं. अशा पाण्यात घासत बसलं तर तेल जागचं हलत नाही. भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब डागावर चोळा, पंधरा मिनिटं थांबा आणि मग कोमट पाणी घ्या. रक्ताच्या डागाला याच्या उलट: आधी गार पाणीच, गरम पाण्याने तो पक्का बसतो.

मशीनमध्ये नेहमी दोन उशा एकदम घाला, वजन दोन्ही बाजूंना सारखं राहतं. टॉप लोडमध्ये त्या समोरासमोर उभ्या ठेवा. पाणी भरलं की मशीन थांबवून दोन्ही हातांनी खाली दाबा, आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येऊ द्या. नाहीतर त्या वर तरंगत राहतात आणि वरची बाजू कोरडीच फिरते. नाजूक कपड्यांचा प्रोग्रॅम, ३० ते ४० अंश. साबण नेहमीच्या निम्मा आणि लिक्विडच. पावडरचे कण आत अडकले की उशी कडक होते आणि गालाला खाज सुटते. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव घालू नका. शेवटी साध्या पाण्याचा एक फेरा जादा.

सेमी ऑटोमॅटिक असेल तर धुण्याच्या टबात पाच मिनिटं पुरे. पिळायचा बाजूचा डबा मात्र लहान असतो. उशी त्यात कोंबावी लागत असेल तर नाद सोडा; ती एका बाजूला फुगते, डबा भिंतीवर आपटतो आणि ब्रेकचा तरी नाहीतर मोटारीचा तरी खर्च निघतो.

मशीन नाही, तरी काही बिघडत नाही. मोठा टब किंवा बाळाला अंघोळ घालायचं घमेलं घ्या, अंगाला सोसेल एवढं गरम पाणी, अर्धा चमचा लिक्विड. अर्धा तास भिजवून तळहातांनी दाबत राहा, पीठ मळतो तसं नव्हे, फक्त दाबायचं आणि सोडायचं. आधी पाणी गढूळ चहासारखं निघेल. ते ओतून दोनदा-तीनदा साधं पाणी घ्या, दाबल्यावर फेस येईनासा होईपर्यंत. पिळायची नाही! पिळलं की आतले थर तुटतात आणि एकीकडे डोंगर, दुसरीकडे पोकळी होते. उचलताना खालून दोन्ही हात घाला. मग कोरड्या टॉवेलात गुंडाळून त्यावर गुडघ्याने भार द्या. दोन टॉवेल भिजतील, पण वाळण्याचा अर्धा दिवस वाचेल.

दम्याचा किंवा सर्दीच्या ॲलर्जीचा पेशंट घरात असेल तर पाण्याच्या तापमानाचा विचार वेगळा. धुळीतले माइट मारायला ६० अंशांचं पाणी लागतं. ४० अंशांत ते सगळे मरत नाहीत, पण त्यांच्या विष्ठेतला जो पदार्थ त्रास देतो, तो पाण्यात विरघळून बराचसा निघून जातो. लेबलवर ६० असेल तरच तेवढं गरम करा. उकळतं पाणी फायबरची उसळी घालवतं.

वाळवताना

दोरीवर चिमटा लावून टांगू नका, सगळं भरण खालच्या कोपऱ्यात उतरतं. बाज असेल तर उत्तम, नाहीतर कपड्यांचं घडीचं स्टँड, म्हणजे खालूनही हवा लागते. दर दोन तासांनी उलटा. प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंनी धरून झटका आणि खोळीवरूनच बोटांनी चाचपून गाठी सोडवा. ओल्या फायबरच्या गाठी सुटतात; तशाच वाळल्या तर त्या कायमच्या. उन्हं उतरायच्या आधी आत घ्या, दवात पुन्हा ओल धरेल. रात्री पंख्याखाली ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर काढा.

आता तो वजनाचा कागद काढा. धुण्याआधी ७०० ग्रॅम होती आणि आता ७६० भरली, तर हात काहीही सांगो, आत ६० ग्रॅम पाणी आहे. आकडा जुन्याशी जुळेपर्यंत अभ्रा घालायचा नाही.

गरम हवेचा ड्रायर घरी असेल, किंवा शहरात सेल्फ सर्व्हिस लाँड्री जवळ असेल, तर कमी तापमानावर उशांबरोबर टेनिसचे दोन बॉल स्वच्छ मोज्यात बांधून टाका. ते उशांना आपटत राहतात आणि गाठी फुटतात. परदेशी राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी हाच रोजचा मार्ग; थंडीत तिकडे बाहेर वाळवण्याची आशाच नको. ड्रायरमधून काढल्यावरही वजन करा.

ज्यांना ऊनच चालत नाही

मेमरी फोमची उशी हजार-दोन हजारांची, आणि सगळ्यात जास्त वाया जाते तीच. फोम स्पंजसारखं पाणी ओढतो, ओला असताना स्वतःच्या वजनाने फाटतो आणि आतून वाळायला फार वेळ घेतो. आणि आपला नेहमीचा उपाय, ‘गच्चीत टाका, कडक ऊन लागू दे,’ तोही इथे उलटतो. उन्हाने फोम पिवळा पडतो, मग ठिसूळ होऊन त्याचा चुरा निघतो. लेटेक्सचंही तेच. यांची फक्त बाहेरची खोळ धुवा. फोमवर खाण्याचा सोडा भुरभुरून तासाभराने व्हॅक्यूम क्लीनर फिरवा किंवा कोरड्या ब्रशने झटका, डाग ओल्या फडक्याने टिपा आणि सावलीत, वाऱ्यावर ठेवा. लहान मुलाने फोमवर शू केली आणि ती खोलवर मुरली, तर खरं सांगायचं तर उशी गेली. विकत घेतानाच वॉटरप्रूफ खोळ घ्यायला हवी होती.

नव्या बाळासाठी केलेल्या मोहरीच्या उशीला ऊन चालतं, पण ती अजिबात भिजवायची नाही. भिजलेली मोहरी मोडावते आणि कुबट वास मारते. शिवण सोडून मोहरी परातीत काढा, उन्हात द्या, चाळून घ्या आणि धुतलेल्या खोळीत परत भरा. दर हंगामाला नवी मोहरी भरली तरी किलोभरात भागतं. शिवण मात्र दुहेरी हवी. सुटे दाणे बाळाच्या नाकातोंडात जाऊ शकतात. बाळाला उशी द्यावी की नाही, हे बालरोगतज्ज्ञांना विचारा. पहिल्या वर्षात नकोच, असं त्यांच्यातले बरेच जण सांगतात.

बाहेर द्यायची तर

मोठ्या शहरात ड्रायक्लीनर आणि घरून कपडे नेणाऱ्या लाँड्र्या एका उशीचे साधारण शंभर ते अडीचशे घेतात. तीनशेच्या फायबरच्या उशीसाठी हे गणित बसत नाही. पिसांची महागडी उशी असेल तर जरूर द्या, ती घरी नीट वाळणं कठीण. देताना विचारा की पाण्यात धुणार की रसायनात? रसायनात धुतलेली उशी परत आल्यावर दोन दिवस उघड्या हवेत ठेवल्याशिवाय डोक्याखाली घेऊ नका. फोमची तर त्यांना देऊच नका.

सगळ्यात फायद्याचा खर्च आहे अभ्र्याच्या आतली चेनवाली खोळ. सुती जोड तीनशेच्या आसपास मिळतो, वॉटरप्रूफ थोडा महाग. तेल, घाम, लाळ तिच्यावरच अडते. अभ्रा आठवड्याला, ही खोळ महिन्याला धुतली, तर उशीला पाणी दाखवायची वेळ वर्षातून एकदा, फार तर दोनदा येते. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या उशा माळ्यावर टाकताना सुती पिशवीत भरा, प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. शेजारी डांबराच्या गोळ्या नकोत. त्यांचा वास उशीत मुरतो आणि तान्ह्या बाळाला तो घातक ठरू शकतो. कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडात बांधून ठेवला तरी चालतं.